पडद्यावरची धूळ पुसताना

नवरात्रापूर्वीची साफसफाई हा आपल्याकडील घरांचा जुना रिवाज आहे. गोधड्या-वाकळा धुवायला निघतात, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, कोळिष्टके काढली जातात. या धांदलीत कामांची वाटणी होते आणि घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला बहुधा एखादे हलके काम येते. ‘आबा, तुम्ही तेवढा टीव्ही नि कॉम्प्युटर पुसून घ्या,’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात आदरच असतो आणि आपण घराच्या उपयोगी पडत आहोत, याचे आबांनाही समाधान वाटते.

काम खरोखरच छोटे आहे. मात्र ते निष्काळजीपणे करण्याइतके हलके नाही. सणाआधीच्या या दोन-तीन आठवड्यांत कोल्हापुरातील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये स्टुलावरून पडलेले, धुळीने दमा उसळलेले आणि काच पुसण्याच्या फवाऱ्याने घसा धरलेले असे काहीजण दरवर्षी असतात. दुसरीकडे, चित्र धूसर दिसते म्हणून महिनोन् महिने पडदा पुसत राहणारे आणि डोळ्यांची तपासणी मात्र पुढे ढकलणारेही पुष्कळ भेटतात. म्हणूनच पडदा पुसण्यापूर्वी पुसणाऱ्या माणसाचा विचार व्हावा आणि पुसून झाल्यावर पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा, असे मला वाटते.

आपल्याकडची धूळ

धूळ सर्वत्र सारखी नसते आणि ती काढण्याची रीतही सारखी नसते. कोल्हापूर परिसरात हिवाळा उजाडला की साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. ऊसतोडीनंतर अनेक शेतांत अजूनही पाचट पेटवले जाते आणि त्याची काळी, हलकी राख वाऱ्यावर तरंगत अंगणात, गच्चीवर, उघड्या खिडकीतून थेट दिवाणखान्यात येऊन पडते. ही राख बोटाने चोळली की चुरा होऊन पसरते आणि काळा ओरखडा उमटतो. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ वेगळी. तिच्यात वाळूचे कठीण, टोकदार कण असतात. देवघरातील उदबत्ती-धुपाचा आणि स्वयंपाकघरातील फोडणीचा धूर पडद्यावर तेलकट थर धरतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून परतलेल्या मंडळींच्या हातांचा गुलाल मोबाइलवर उतरतो, तो आणखी निराळा. त्याला पाणी लागले की तो निघण्याऐवजी गुलाबी होऊन पसरतो.

यातून एकच नियम निघतो. धूळ कोणतीही असो, आधी ती कोरडीच आणि न दाबता उचलून घ्यावी. ओल्या फडक्याची पाळी त्यानंतर. थेट ओले फडके फिरविले तर राखेचा चिखल होतो आणि वाळूचे कण पडद्यावर घासले जाऊन कायमचे चरे पडतात.

काचेचा पडदा गेला, सवय राहिली

आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीच्या घरात टीव्ही आला तो काचेच्या जाड, फुगीर पडद्याचा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत चित्र आले. त्या संचांच्या पडद्यावर स्थिर विद्युतभार साठत असे. हात जवळ नेला की केस उभे राहत आणि धूळही तिथे ओढली जाई. काच जाड असल्याने ओल्या फडक्याने, वर्तमानपत्राच्या बोळ्याने, अगदी साबणाच्या पाण्याने पुसले तरी बिघडत नसे. तीच सवय अनेकांच्या हाताला अजून आहे.

आजच्या चपट्या टीव्हीचा आणि संगणकाच्या पडद्याचा दर्शनी भाग बहुधा काचेचा नसतो. तिथे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि प्रकाशाची चकाकी कमी करणारा अतिसूक्ष्म लेप असतो. कागदाच्या तंतूंनी आणि खरखरीत टॉवेलने त्याला चरे पडतात. अमोनिया, स्पिरिट किंवा अॅसिटोन असलेल्या द्रवांनी लेप ढगाळ होतो किंवा सोलवटतो. जोराने दाबल्यास आतील थरांना इजा होऊन काळा ठिपका कायम राहू शकतो. पडद्यावर थेट फवारलेले पाणी ओघळून खालच्या कडेतून आत शिरते, आणि नेमकी तिथेच अनेक संचांची नाजूक जोडणी असते. मोबाइल, टॅब्लेट आणि काही लॅपटॉप यांना मात्र वरून काच असते. त्यांना थोडी मोकळीक आहे.

एक सूचना जुना संच अद्याप बाळगणाऱ्यांसाठी. त्या मोठ्या डब्याच्या आत, प्लग काढल्यानंतरही, धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. धूळ काढण्यासाठी त्याचे मागचे झाकण घरी कधीही उघडू नये.

आधी पुसणाऱ्याची काळजी

पहिला धोका पडण्याचा. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असतो आणि तिथवर हात पोहोचावा म्हणून स्टूल, खुर्ची किंवा पलंगाची कड वापरली जाते. मान वर करून काम करताना अनेक ज्येष्ठांना भोवळ येते. कानातील तोल राखणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडात तर हे हमखास घडते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हाडे ठिसूळ झालेली असतील तर दीड फुटावरून पडणेही खुब्याचे हाड मोडायला पुरते, आणि खुब्याच्या अस्थिभंगानंतर कित्येकांचे स्वतंत्र चालणे-फिरणे कायमचे कमी होते. म्हणून माझे सरळ सांगणे असे: साठीनंतर पडदा पुसण्यासाठी कशावरही चढू नये. जमिनीवर दोन्ही पाय ठेवून, हात खांद्याच्या वर न नेता जेवढे पुसता येईल तेवढेच आपले काम; उरलेले घरातील तरुणांचे. घरात तरुण कोणी नसेल, तर फडके लावलेली लांब, हलकी झटकणी खालूनच अलगद फिरवावी, किंवा शेजारच्या मुलाला हाक मारावी. त्यात कमीपणा नाही.

पडल्यानंतर पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, पाय टेकवेना, तर त्या व्यक्तीला उभे करण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरून जखम नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. डोक्याच्या आत सावकाश होणारा रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनीही डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा चालण्यातील असंतुलन अशा रूपाने प्रकट होतो. ‘ते पडणे तर दसऱ्याआधीचे,’ म्हणून अशा लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरा धोका विजेचा. रिमोटने टीव्ही बंद केला म्हणजे त्याचा वीजपुरवठा तुटत नाही. तांबडा दिवा जळत असतो. भिंतीवरील बटण बंद करावे, हात कोरडे आहेत याची खात्री करावी आणि मग प्लग काढावा. वायर ओढून प्लग काढू नये. कोणाला झटका बसून तो चिकटून राहिला असेल, तर त्याला हात लावण्याआधी मुख्य बटण बंद करावे.

तिसरा धोका श्वासाचा. दमा किंवा धूम्रपानाने, चुलीच्या धुराने आलेला फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्यांनी हे काम शक्यतो करूच नये. धूळ झटकली जात असताना त्यांनी दुसऱ्या खोलीत बसावे आणि हवेतील धूळ खाली बसेपर्यंत, साधारण अर्धा तास, परत येऊ नये. काम त्यांनाच करावे लागले, तर एन-९५ मुखपट्टी नाकावर नीट बसवावी, पंखा बंद व खिडकी उघडी ठेवावी आणि आपला इन्हेलर खिशात असू द्यावा. पिसांच्या झाडणीने धूळ जात नाही, ती हवेत उडते. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा: ॲलर्जी निर्माण करणारे धुळीतील सूक्ष्म कीटक मुख्यतः गादी, उशी, सोफा आणि पडदे-चादरी यांत राहतात. टीव्ही लख्ख केला आणि उशीचे अभ्रे महिनाभर तसेच राहिले, तर दम्याच्या रुग्णाला फारसा लाभ होत नाही. अभ्रे व चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात.

पुसण्याची रीत

साहित्य दोनच: चष्म्यासोबत मिळते तशा जातीची, पण आकाराने मोठी, मऊ मायक्रोफायबरची दोन फडकी आणि वाटीभर शुद्ध पाणी. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातील पाणी चालते. मायक्रोफायबर नसेल तर अनेकदा धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा वापरावा; मात्र त्यावर जर, बटण, शिवण किंवा माती नसावी.

१. बटण बंद करून प्लग काढावा आणि संच गार होऊ द्यावा. बंद, काळ्या पडद्यावर धूळ स्पष्ट दिसते आणि ओलावाही लवकर वाळून त्याचे डाग पडत नाही.

२. टेबलावरील टीव्ही असल्यास एका हाताने चौकट धरावी. हे संच वजनाने हलके आणि पायाशी अरुंद असतात; पुसताना पुढे कलंडतात.

३. पहिले फडके पूर्ण कोरडे घ्यावे. वरून खाली, एकाच दिशेने, नुसते टेकवून फिरवावे. प्रत्येक फेरीनंतर फडक्याची घडी बदलावी, म्हणजे उचललेली धूळ पुन्हा पडद्यावर घासली जात नाही. बहुतेक वेळा एवढ्यावर काम संपते.

४. बोटांचे ठसे किंवा तेलकट डाग राहिलेच, तर दुसऱ्या फडक्याचे टोक पाण्यात बुडवून घट्ट पिळावे. पिळल्यावर थेंब पडता कामा नये. त्या टोकाने डागावरून अलगद, गोलाकार फिरवावे. एका फेरीत डाग गेला नाही तर पुन्हा फिरवावे, जोर वाढवू नये.

५. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे.

६. मागच्या बाजूच्या हवेच्या जाळ्या मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झाडाव्यात. त्या बुजल्या की संच तापतो. आत काडी, सुई घालू नये; पाल किंवा झुरळ आत गेले असल्यास ते काम कारागिराचे.

७. पडदा पूर्ण वाळल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी, प्लग लावावा.

८. फडकी साध्या साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, स्वच्छ पिशवीत वेगळी ठेवावीत. कपडे मऊ करणारे द्रव त्यांना लावू नये. त्याचा तेलकट अंश पडद्यावर उतरतो.

संगणकाचा कळफलक उलटा करून हलकेच थोपटावा व ब्रशने झाडावा. मोबाइल आठवड्यातून दोन-तीनदा पुसावा, कारण तो हातातून चेहऱ्याला आणि एका हातातून दुसऱ्या हातात जातो. त्यासाठी अल्कोहोलची ओलसर पुसणी उत्पादकाने चालते असे सांगितले असेल तरच वापरावीत.

टाळण्याच्या गोष्टींत पहिली म्हणजे काच पुसण्याचे निळे द्रव, स्पिरिट, हँड सॅनिटायझर, व्हिनेगर, टूथपेस्ट आणि भांड्यांची पावडर. फवाऱ्यांचा उग्र वास दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरतो. साफसफाईच्या भरात फरशीचे ब्लीच आणि संडासाचे अॅसिड एकत्र करण्याचा प्रकार तर प्राणघातक ठरू शकतो, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. कोणतेही द्रव पाण्याच्या किंवा औषधाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नये. नजर अधू झालेल्या किंवा विसराळूपणा वाढलेल्या व्यक्तीला त्यातील फरक कळत नाही.

महापुरात भिजलेला संच

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली होती. शाहूपुरीपासून प्रयाग चिखली-आंबेवाडीपर्यंत आणि शिरोळ तालुक्यातील गावांत पाणी ओसरल्यावर घरोघरी गाळ राहिला आणि तो वाळून त्याची बारीक धूळ झाली. अशा गाळाच्या धुळीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाणी शिरलेला संच बाहेरून कितीही कोरडा दिसला, तरी कारागिराने उघडून तपासल्याशिवाय त्याला वीज जोडू नये. आणि गाळ काढताना रबरी हातमोजे व बंद पादत्राणे घालावीत. हातापायांवर जखमा असल्यास विशेष जपावे. पुराच्या पाण्यातून व चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पुढील काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसली, तर पुराच्या चिखलाशी आलेला संपर्क डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

पडदा स्वच्छ, तरीही चित्र धूसर

पडदा नीट पुसला, चष्मा वाहत्या पाण्याखाली धुऊन मऊ फडक्याने टिपला आणि तरीही चित्र धूसर दिसत असेल, तर आता पडद्याला दोष देता येणार नाही. टीव्ही हे ज्येष्ठांच्या नजरेतील बदल प्रथम दाखवून देणारे घरातील एक चांगले साधन आहे. दररोज त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून आपण त्याच्याकडे पाहतो. म्हणून फरक लवकर ध्यानात येतो.

एक सोपी परीक्षा करावी. चष्मा लावून नेहमीच्या जागी बसावे. एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकून दुसऱ्याने पडद्याकडे पाहावे. मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव भरून काढतो आणि एका डोळ्याचा आजार कित्येक महिने लपून राहतो. या परीक्षेत पुढील गोष्टी पाहाव्यात.

डाग एकाच जागी दिसतो की नजरेबरोबर फिरतो? जागेवर असेल तर तो पडद्यावरचा. नजरेबरोबर सरकत असेल, तर तो डोळ्यातला. वयानुसार असे एखाद-दुसरे तरंगते ठिपके दिसणे सामान्य आहे. मात्र अचानक पुष्कळ ठिपके दिसू लागले, वीज चमकल्यासारखे भास झाले किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळ्याचा आतला पडदा सुटत असण्याची शक्यता असते आणि उशीर झाल्यास गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

रंग फिके किंवा पिवळसर दिसतात का, दिव्यांभोवती तेजोवलये दिसतात का, उजेडात चित्र जास्त धूसर होते का? ही लक्षणे बहुधा मोतीबिंदूची. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे आणि ती आज सुरक्षित आहे. ‘पिकू दे, मग काढू’ हा जुना सल्ला आता लागू नाही. आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातही नेत्रविभाग आहे, तेव्हा खर्चाच्या धास्तीने तपासणी टाळू नये.

टीव्हीच्या चौकटीची सरळ कड वाकडी किंवा नागमोडी दिसते का? पडद्याच्या मधोमध धुरकट ठिपका दिसतो का? असे असल्यास डोळ्याच्या पडद्याच्या मध्यबिंदूचा विकार असू शकतो. तपासणी काही दिवसांतच व्हावी.

पडद्याची अर्धी बाजू अचानक दिसेनाशी झाली, सोबत तोंड वाकडे झाले, हातातील बळ गेले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघाताचा झटका समजावा आणि क्षणाचाही विलंब न लावता १०८ ला फोन करावा.

मधुमेह असलेल्यांनी यांपैकी काहीही जाणवत नसले तरी वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. काचबिंदूही दीर्घकाळ गुपचूप वाढतो. तो घरच्या परीक्षेत सापडेलच असे नाही.

देखभाल करणाऱ्यांसाठी

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या खोलीत टीव्ही पुसण्यापूर्वी त्यांना सांगावे. आपला टीव्ही बंद करून कोणी काढून नेत आहे, या समजाने स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बेचैन होतात. त्यांचा आवडता कार्यक्रम टाळून वेळ निवडावी. खोलीत ऑक्सिजनचे यंत्र असेल तर स्पिरिट, फवारे, उदबत्ती, निरांजन यांतील काहीही जवळ आणू नये. रक्तदाबाचे यंत्र आणि रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र यांचे छोटे पडदेही कोरड्या फडक्याने नियमित पुसावेत. धुळकट पडद्यावर ८ आणि ० यांत गल्लत झाली, तर इन्सुलिनची मात्रा चुकू शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत रुग्णाला धुळीची कामे देऊ नयेत.

ज्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत, अशा कितीतरी घरांत संध्याकाळची सोबत टीव्हीची असते आणि रविवारी नातवंडांचा चेहरा मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. तो पडदा स्वच्छ असावा, ही ज्येष्ठांची इच्छा रास्त आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा, जमिनीवर उभे राहून, कोरड्या मऊ फडक्याचा हलका हात पुरेसा आहे. वर्षाकाठी एकदा स्टुलावर चढून जोर लावण्याची गरज मग पडत नाही. यंदा साफसफाईची वाटणी करताना भिंतीवरचा टीव्ही तरुणांकडे सोपवा, आणि आबा-आजींना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून एक-एक डोळा झाकून काय दिसते, ते विचारा.